तसंच निळं जॅकेट

— नको, हे नको. लोकरीसारखं दिसतं, पण लोकरीचा यात अंशही नाही, निव्वळ पॉलिएस्टर आहे. वाईट आहे असं म्हटलं का मी? ऊब देईल, हलकंही आहे. पण मोटारसायकलवर वारा यातून आरपार जातो, मग छातीशी वर्तमानपत्र कोंबून बसायचं, आमचे कामगार बसतात तसं. हो, मोटारसायकलच, स्कूटी नाही — पालघरहून इथे बोईसरला रोज मोटारसायकलने येते मी. हसा, धीरजभाऊ, हसा, माझ्या सासूबाईही हसतात. मला ते निळं दाखवा. आतून चौकटींची शिवण, गळ्यापर्यंत चेन, मनगटाला विणलेली पट्टी. मला कसं ठाऊक? कुणीतरी सांगितलं. असेल तर काढा, नसेल तर नाही म्हणा.

हे? नक्की हेच? दुसरं निळं नाही ना तुमच्याकडे? — लेबल राहू द्या, लेबलावर काय वाटेल ते छापतात. आत कापडाची कड दिसते ना, तिथला एक धागा ओढते. उसवलं तर विकत घेईन, काळजी नको. काडेपेटी आहे? अहो, दुकान नाही पेटवणार तुमचं! साधी परीक्षा आहे: पॉलिएस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो, सुती असेल तर कागदासारखं जळून राख होते. मणीच होणार, आत्ताच सांगते. मोटारसायकल चालवायला याची काय गरज? काहीच नाही. बरोबर विचारलंत. काहीच गरज नाही.

बरं, ऐका. मी इथल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. द्रावकांच्या विभागात पॉलिएस्टर घालून जायला बंदी असते — घर्षणाने ठिणगी पडते, हवेत वाफ असली की भडका. सोमवारी भडका झाला. एकजण भाजला, हात, मान, हनुवटीपर्यंत. दामू — चिंचणीचा, उंच, बोलताना खाली बघणारा. पहाटे मोटारसायकलने निघतो, वाटेतल्या पाम गावापर्यंत येता येता थंडीने बोटं आखडतात म्हणायचा. पोचला, आणि कपडे बदलण्याआधीच सुपरवायझरने हाक मारली, पिंप रिकामं करायला माणूस कमी होता — तर अंगात जॅकेट तसंच. ठिणगी पडू नये म्हणून पिंपाला जोडायची अर्थिंगची तार तुटलेली — ते सोडा, ते मी बोलले नाही. जॅकेट जळून गेलं. कारखान्याचे साहेब म्हणाले, मॅडम, अहवालात जॅकेट पॉलिएस्टरचं होतं एवढंच लिहा, बाकीचं आम्ही बघतो. मी म्हटलं, खात्री केल्याशिवाय मी एक शब्द लिहीत नाही. चांगलं ठणकावून म्हटलं. ते हसले — करा ना खात्री, कुणी अडवलंय?

कापड वितळून कातडीला चिकटलं होतं का, हे डॉक्टर एका वाक्यात सांगतील. नाही विचारलं मी. का नाही विचारलं — का म्हणजे? गर्दी होती. घरी गेले मात्र, चिंचणीला. त्याची बायको, पुष्पलता, अंगणात मासळी वाळत घालत होती. मला बघून उठलीसुद्धा नाही. “मॅडम, तुमीच शिकवलंत ना त्यांना, नायलॉनचं नाय चालत? त्यांनी दुकानात इचारून घेतलंय. सुतीच हाय.” दुकान कोणतं, जॅकेट कसं, तिनेच सांगितलं. मी मनात म्हटलं, बोईसरच्या दुकानात सुती जॅकेट? फसवलं असणार दामूला. फसवलेलंच असू दे — म्हणजे मला सही करताना मान खाली घालावी लागणार नाही.

धरा जरा. पंखा बंद करा. ... मणी नाही झाला.

वरचं कापड बघू. — राख. आतली भरण काढा थोडी, काढा हो! कापूस. कापूसच आहे हा. तुम्ही मान काय डोलावताय? तुम्हाला ठाऊक होतं? त्याने मुद्दाम मागवून घेतलं? सुतीच हवं म्हणून? मग आल्या आल्या बोलायला काय झालं होतं तुम्हाला! ... नाही, मी विचारलं नव्हतं. खरं आहे.

तुम्हाला सोपं आहे हो. शटर ओढलं की दिवस संपला. माझे यजमान त्याच कंपनीत, पालघरचं राहतं घर कंपनीचं, माझ्या मुलीच्या, स्वराच्या शाळेत दाखल्यावर पत्ता तोच. साहेब सरळ धमकी देत नाहीत, ते घरच्यांची चौकशी करतात — यजमान काय म्हणतात, मुलगी कितवीत आहे. आणि सही नाही केली तर करणारा शेजारच्या टेबलावर बसलाय, पेन उघडून. दामूचं काय व्हायचं ते होणारच. म्हणजे, त्याची नोकरी जाणारच, दोष त्याच्याच माथी. मी फक्त —

थांबा. हा शिवणीचा दोरा. कापड सुती, भरण सुती, पण शिवलंय कशाने? द्या ती काडी. ... बघा. बघा ना! मणी. कडक, काळा, दाबून बघा. पॉलिएस्टर. म्हणजे ‘कामगाराच्या जॅकेटमध्ये पॉलिएस्टर आढळले’ हे वाक्य खोटं नाही. एवढ्याशा दोऱ्याने ठिणगी पडत नाही, पण तसं कुठे म्हणतेय मी? आढळले, इतकंच. शब्दाला शब्द बरोबर आहे. कुणीही तपासून बघावं.

असं काय बघताय माझ्याकडे? तुमच्यासमोरच केली ना परीक्षा?

जॅकेट नको मला. ठेवा परत. दोरा तेवढा उसवा, हातभर पुरे, आणि कागदात गुंडाळून द्या. उसवा म्हणते ना. — राहू द्या, कात्री इकडे द्या. मीच काढते.