काकूंना मंडईत पाठवलं तेव्हा

एसीच्या कामात नाना तऱ्हेची माणसं भेटतात, पण नारायण पेठेतल्या त्या काकांना तोड नाही. एसी बिघडला म्हणून काकू रुसून वारज्याला लेकीकडे गेल्या होत्या. काकांनी फोनवर बिनधास्त सांगून टाकलं, "झाला दुरुस्त, ये आता." आणि मग मला बोलावलं!

गळका पाइप मी जोडला आणि आतली हवा, ओल खेचून काढायला पंप लावला. गेजवरचा आकडा पाचशे मायक्रॉनच्या खाली जाऊन तिथेच टिकला, तरच गॅस भरायचा. आकडा काही उतरेना. तेवढ्यात काकूंचा फोन, "रिक्षात बसलेय, पोचतेच."

मी म्हटलं, "काका, टाकू का भरून गॅस?"

"आकडा उतरला?"

"नाही."

"मग विचारताय कशाला?" आणि लगेच फोनवर, "अगं, येताना मंडईतून कैऱ्या आण." थोड्या वेळाने, "कोथिंबीरही." मग पुन्हा, "लसूण राहिलाच बघ."

शेवटी एकदाचा आकडा उतरला आणि टिकला. गॅस भरून एसी सुरू केला, तोच काकू दारात. हात रिकामे.

काका म्हणाले, "कैऱ्या कुठायत?"

"मंडईत. मी केव्हाची खाली जिन्यात बसलेय. तुमचा तो पंप पार खालपर्यंत ऐकू येत होता."

"मग वर यायचं ना!"

"कशी येणार? लसूण आणायला पाठवलं होतंत ना!"