दोन बोटांची खूण

मंडळी, ऐका! आज प्रश्न अवघड आहे, म्हणून आधीच विचारून ठेवते. ज्याचा बाप्तिस्मा याच मंदिरात झाला, ते लेकरू एके दिवशी इथं येईनासं होतं. ते आपण होऊन गेलं, की त्याला कोणी उठवलं? घाईनं माना हलवू नका! मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आणि माझ्याही मनात याचं उत्तर अजून पुरतं बसलेलं नाही.

आत मांडिले ताट, दारी उभे लेकरू ।
कोणी दाविली वाट, प्रभो, कोणा विचारू ॥

शमुवेलराव, पेटी खालच्या पट्टीत घ्या! माझा गळा आता तरुण संघात नाही.

तर आख्यान याच मंदिरातलं आहे. आपली रीत तुम्हांला ठाऊकच आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, वेदीपुढे भाकर आणि द्राक्षारस. ज्यांचं दृढीकरण झालेलं नाही, ज्यांनी धडे शिकून मंडळीपुढे विश्वास कबूल केलेला नाही, ती मुलं त्याआधीच्या गीताला उठून बाहेर चिंचेखाली जातात. त्यांना खूण कोण करतं? पहिल्या बाकावरून मी! मागे वळायचं, दोन बोटं वर करायची. तीस वर्षं! एकाही मुलाची बसून राहण्याची छाती झाली नाही. हसताय काय? तुम्हीही त्याच बोटांनी उठलेले आहात!

आता शेरॉन. मार्था भिंगारदिव्यांची मुलगी, वय एकोणीस, हुशार, थोडी अबोल. गेल्या वर्षी सहा जणांचं दृढीकरण ठरलं, आणि नेमका शेरॉनला टायफॉइड झाला. पाच जण वेदीपुढे उभे राहिले, त्यांची नावं वाचली, टाळ्या झाल्या. पाळकसाहेब दुपारी शेरॉनच्या घरी गेले, खाटेशी उभे राहून तिच्या मस्तकावर हात ठेवले. सगळं विधिपूर्वक! फक्त मंडळीपुढे तिचं नाव वाचायचं राहिलं.

पुढच्या महिन्यात ती दृढीकरणासाठी घेतलेली पांढरी साडी नेसून आली. गीत सुरू झालं. मी वळले, बोटं वर केली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आणि ती उठली! पांढऱ्या साडीत, पाच-सहा वर्षांच्या पोरांमागून, चिंचेखाली गेली.

मला काही वाटलं का? नाही. हात वर गेला होता, माणसं उठली होती, रीत पार पडली होती.

असे चार महिने गेले, आणि मग ती येईनाशी झाली. वडीलमंडळाची सभा भरली. एक म्हणाले, "मोबाइल!" दुसरे म्हणाले, "शहराचं वारं!" कारण तिला शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, आणि सोमवारी तिला निघायचं होतं. मंडळी सोडून परगावी जाणाऱ्याला आपण तिकडच्या पाळकांच्या नावे पत्र देतो. ते पत्र तिनं परत पाठवलं! सभेत सगळे गोंधळले. मग ठरलं, बाईंना पाठवा, बाई समजावतील.

मी गेले. अर्ध्या तासाचं प्रवचन तयार ठेवून गेले!

"शेरॉन, पत्र का नाकारलंस?"

"बाई, ते सभासदांना देतात ना?"

"मग तू कोण आहेस?"

"मला माहीत नाही. तुम्हीच सांगा. मी आत केव्हा यायचं?"

"अगं, तुझं दृढीकरण झालंय!"

"मग बोटं कुणाला दाखवलीत?"

मार्था म्हणाली, "गप गं, बाईंशी असं बोलतात?" माझं प्रवचन पिशवीतच राहिलं! शेरॉनला वाटलं होतं, घरी झालेलं दृढीकरण आजाऱ्याची समजूत घालण्यापुरतं असतं. आम्हांला वाटलं होतं, पोरीचा विश्वास उडाला. सांगा, विचारायचं कुणी? तिनं की आम्ही?

निघताना मी एवढंच म्हणाले, "रविवारी ये. प्रभुभोजन आहे."

रविवारी ती आली. आत नाही, चिंचेखाली थेट! गीत सुरू झालं. मुलं माझ्या हाताकडे बघत होती. हात वर जाईना. मी उठले आणि दाराकडे चालू लागले. पाळकसाहेबांच्या हातात भाकर तशीच राहिली. कुजबुज झाली, "बाईंना चक्कर आली का?" माझ्यामागून मुलंही उठली. त्यांना वाटलं, आज खूण पायांनी करायची असेल!

"चल," मी शेरॉनला म्हणाले.

"नक्की?"

"मला विचारतेस? पाळकांनी हात ठेवलेत, पोरी! चुकली ती माझी बोटं. चल!"

मंडळीपुढे तिचं नाव मी वाचलं. कागदाशिवाय, दारातूनच, मोठ्यानं! ती पुढे गेली आणि तिनं भाकर घेतली. मागे वळले तर उंबऱ्यात सगळी चिल्लीपिल्ली उभी. "बाई, आम्ही कुठं बसायचं?" मी पाळकांकडे पाहिलं, पाळकांनी माझ्याकडे. पोरं मागच्या बाकावर बसली, आणि कधी नव्हे ती शांत बसली. हे नियमात बसतं का? मला अजून उलगडलेलं नाही.

सोमवारी शेरॉन गेली. पत्र घेऊन गेली.

आता तुम्ही! "तरुण येत नाहीत" म्हणून सभा भरवणारे, हात वर करा बघू. सगळेच? ठीक. तोच हात नीट बघा. कधी भुवई उंचावून, कधी कपड्यांवर बोलून, कधी "तुला काय कळतं" म्हणून तुम्ही कुणाला उठवलंत, ते आठवा. आठवलं, तर निरोप पाठवू नका, सभा बोलावू नका. गीत अर्धं राहिलं तरी चालेल. उठा, आणि चिंचेपर्यंत स्वतः चालत जा!