जाहिरातीतले शुभेच्छुक

नेहरू नगरच्या डिझाइनच्या दुकानात समृद्धी लेकीला मांडीवर घेऊन नंबरची वाट पाहत होती. पुढे सुमेध समाजाच्या मासिकासाठी आपल्या रॅप अल्बमची जाहिरात बनवून घेत होता.

"खाली शुभेच्छुक कोण टाकू, भाऊ?" डिझाइनरनं विचारलं.

"कोणीच नाही."

"असं कसं? आईबाबाचं तरी नाव पाह्यजे ना!"

"बाबाच्या दारूवर गाणं आहे, भैय्या. आई मले म्हणे, घराची इज्जत घालवली, माझं नाव लावू नको."

"मग फोटोत तुझ्या खांद्यावर हा हात कोणाचा?"

"तिचाच. बाकीची आई मी मोबाईलवर कापली. हात नाही निघाला माह्याच्यानं. तुमी मिटवून द्या न."

समृद्धीनं लेकीला छातीशी घेतलं.

"झाला साफ. पाहून घे."

"पाहत नाही. छापायले पाठवून द्या."