बर्फाचा रकाना

विषय : शिरूर व दौंड येथील हॉकी मैदानांवरील बर्फाच्या दर्जाबाबत.

हसू नका, अर्जात असंच छापलंय. कुठल्या तरी थंड देशाचा नमुना कुणीतरी जसाच्या तसा उतरवला असणार.

मुलींच्या स्पर्धेसाठी या दोनपैकी एक मैदान मंजूर करून घ्यायचं होतं. माझी नात गोलकीपर, म्हणून अर्ज माझ्या गळ्यात पडला. बर्फाच्या दर्जाच्या रकान्यात मी 'लागू नाही' लिहिलं, तर संगणक पुढे सरकेना. रिकामा ठेवला, तरी सरकेना. नात दर तासाला विचारी, "आबा, गेला का अर्ज?" मला एका जागी बसवेना.

शेवटी शिरूरच्या रसवंतीतला बर्फ पाहिला आणि एसटीने दौंडला गेलो. तिथला रसवंतीवाला म्हणाला, "काच हाय आबा, काच! पर कशाला पायजे?"

"हॉकी खेळायला."

"मंग आदी थोडा तुमच्या डोक्यावर ठिवा."

घरी येऊन लिहिलं : 'शिरूर – पांढुरका, भुसा चिकटलेला. दौंड – पारदर्शक, उत्तम.' शिरूरकर असूनही खोटं लिहवलं नाही. अर्ज तत्काळ गेला.

आठवड्याने उत्तर आलं : 'दौंड येथील बर्फाची समक्ष पाहणी करण्यात येईल. तोपर्यंत तो वितळणार नाही याची दक्षता घ्यावी.'

नात भर उन्हात सराव करते आहे. पाहणीला अजून कुणी आलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.