वाघाचा लेखी जबाब

मले कोणी लेखक म्हणलं की मी अजूनही लाजतो. पण वनखात्याच्या फायलीत मी लेखक आहो, विचारा त्यायले.

आमच्या गावात लिहिणाऱ्यांचा एक गट आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथं मी गोष्ट वाचली. तिच्यात तळ्यापाशी, मोहाच्या झाडाखाली वाघ बसला होता. चांगली की वाईट, कोणी बोललं नाई. गटातल्या गोपाळभाऊनं एवढंच विचारलं, "कोणत्या तळ्यावर?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सकाळी एकही बाई मोहफुलं वेचायले गेली नाई. दुपारी वनरक्षक दारात.

"सर, वाघ कधी दिसला?"

"दिसला नाई भाऊ. मी लिहिला."

"मग तसं लेखी द्या."

दिलं. सदर वाघ मी मनानं रचला आहे. व्यवसाय, शिक्षक.

"शिक्षक खोडा," तो म्हणाला. "शिक्षकानं रचला तर अफवा होते. लेखक लिहा."

जन्मात पहिल्यांदा स्वतःले लेखक लिहिलं.

साक्षीदार म्हणून गोपाळभाऊले बोलावलं. त्यानं कागद दोनदा वाचला, सही केली अन् म्हणाला, "गोष्टीपेक्षा हे बरं जमलं, सर."