फरक स्पष्ट करा

नमस्कार मंडळी. मागे खुर्च्या आहेत अजून, उभं राहू नका.

बाहेर उणे अठरा आहे. तरीही तुम्ही हॅमिल्टनहून आलात, वॉनहून आलात. सकाळी आधी ड्राइव्हवेतला बर्फ शोव्हल करून मग निघाला असाल. मेधाच्या आणि माझ्या वतीने तुमचे आभार. मी विवेक. ज्यांना तुम्ही सगळे पाटणकर बाई म्हणायचात, त्यांचा मी जावई. बाई जाऊन आज बारा दिवस झाले. मेधा म्हणाली, मला बोलता यायचं नाही, तू बोल. मी गोदामांचे कन्व्हेयर डिझाइन करणारा माणूस. मला भाषण येत नाही. बोलताना रडू येईल असंही मला वाटत नाही. तरी इथे उभं राहणं अवघड आहे. का, ते ओघाने येईल.

मी त्यांना आई म्हणायचो. आईंनी कराडच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सातवी ते दहावी. त्यात कॅनडाही होता. गहू, लाकूड, प्रेअरीचा गवताळ प्रदेश, हडसनचा उपसागर. खडूने फळ्यावर नकाशा काढायच्या, पुस्तकात न बघता. हा देश त्यांनी पाहिला नव्हता, आणि कधी पाहावा लागेल असं त्यांना वाटलंही नव्हतं. मेधाचे बाबा गेल्यावर, २०१४ साली, त्या आमच्याकडे ग्वेल्फला आल्या. तेव्हा सत्तर वर्षांच्या होत्या.

आल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यात काय केलं असेल? जेट लॅग उतरल्यावर त्या आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "विवेकराव, तुमचं घर हिमोढगिरीवर आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं चढ आहे, विंटर टायर लावले की झालं. मग कळलं की हजारो वर्षांपूर्वी इथून हिमनदी सरकत गेली आणि जाताना माती आणि दगडगोट्यांचे ढीग टाकून गेली. उलट्या ठेवलेल्या चमच्यासारख्या टेकड्या. ग्वेल्फच्या आसपास अशा टेकड्याच टेकड्या आहेत. आईंनी एकतीस वर्षं ती आकृती फळ्यावर काढली होती आणि आता तिच्या उतारावर त्यांची बेडरूम होती. त्यांनी ईशाला, आमच्या मुलीला, मुद्दाम बाहेर नेऊन दाखवलं. ईशा म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ हिल." आई म्हणाल्या, "नाही. आपला आगाशिव डोंगर म्हणजे लाव्हा थिजून झालेला. ही बर्फाने आणून टाकलेली. एक आगीचं काम, एक बर्फाचं. दोघांना हिल म्हणून कसं चालेल?"

त्यांची ती सवय तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आपल्या मंडळाच्या पॉटलकला घरोघरून आणलेलं जेवण झालं की इंडिया विरुद्ध कॅनडा सुरू होतं. होतंच. कोणीतरी म्हणतं, तिकडे आता काय राहिलंय. कोणीतरी म्हणतं, इकडे तरी काय आहे. हॅमिल्टनचे आपले डॉक्टरकाका इथे बसलेत, ते हसतायत, म्हणजे त्यांना आठवतंय. काका एकदा म्हणाले होते, तिकडे नुसती धूळ, इकडे बघा कसे दवाखाने. आई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, धुळीसमोर धूळ लिहा, दवाखान्यासमोर दवाखाना. फरक स्पष्ट करा म्हटलं की मुद्द्यासमोर तोच मुद्दा यायला हवा. अर्धा गुण." काकांनी आयुष्यभर सुवर्णपदकं मिळवली, त्यांना अर्धा गुण.

त्यांना स्वतःला कुठला देश चांगला, यात रस नव्हता. खरंच नव्हता. त्या फक्त समोरासमोर मांडायच्या. मला आठवतं, एकवीस जूनला त्या ड्राइव्हवेत उभ्या राहिल्या आणि मला टेप घेऊन सावली मोजायला लावली. घड्याळात एक वीस झाले होते. म्हणाल्या, घड्याळाचं सोडा, सूर्याचे बारा आत्ता वाजलेत. सावली भरली पावणेदोन फूट. "कराडला मे महिन्यात एक दिवस असा येतो की दुपारी सावली पायाखाली जाते, दिसतच नाही. इथे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, तरी पावणेदोन फूट शिल्लक." मी विचारलं, मग? म्हणाल्या, "मग काही नाही. असं आहे."

आणखी एक. कराडला त्यांच्या सोसायटीच्या भिंतीवर फुटक्या काचा लावलेल्या होत्या. तरी दिवसभर माणसं आत. विरजण मागायला, पेपर वाचायला, कोणाचं काय चाललंय ते सांगायला. आमच्या रस्त्यावर पुढच्या अंगणांना कुंपणच नाही. सगळं गवत सलग. पण साडेतीन वर्षांत शेजारचं एकही पाऊल आमच्या गवतावर पडलं नाही. शेजारी वाईट आहेत का? मुळीच नाही. आईंना बघून हात करायचे, आमच्या फुटपाथवरचा बर्फ न सांगता काढून द्यायचे. आईंनी हे असंच मांडलं होतं. तिकडे काचा आणि ये-जा, इकडे मोकळं गवत आणि हात. तक्रारीचा सूर नव्हता. निदान मला तरी ऐकू आला नाही.

आता मी अवघड भागाकडे येतो.

२०१६चा ऑक्टोबर. शनिवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. आई म्हणाल्या, "मला आता कराडला जावंसं वाटतंय. राहायला." मेधाने आधी आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मुलगी होती, तिला दोन्ही बाजू कळत होत्या. मला एकच कळत होती. मी म्हटलं, आई, आपण नीट विचार करू.

विचार कसला करतोय. मी बेसमेंटमध्ये गेलो आणि कॉम्प्युटरवर तक्ता केला. दोन रकाने, कराड आणि ग्वेल्फ. अकरा मुद्दे. त्यांच्याच पद्धतीने, मुद्द्यासमोर मुद्दा. जिना: तिकडे दोन मजले चढून, लिफ्ट नाही. इकडे बेडरूम खालीच. दवाखाना: तिकडे रिक्षा मिळेल तेव्हा. इकडे गाडीने बारा मिनिटं. पाणी, वीज, औषधं. नववा मुद्दा होता सोबत. तिकडे, एकट्या. इकडे, कुटुंबासह. प्रिंट काढला आणि त्यांच्या हातात दिला.

मित्रहो, ह्या बाईंनी एकतीस वर्षं पेपर तपासले. पॉटलकमध्ये डॉक्टरांचे गुण कापले. माझा कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. चष्मा काढला. म्हणाल्या, "व्यवस्थित लिहिलंय. राहते मी."

मेधाने नंतर मला विचारलं, तिला पटलं का? मी म्हटलं, पटलं. मला खरंच तसं वाटलं. मी ऑफिसातसुद्धा सांगितलं, की माझ्या सासूबाईंना लॉजिक कळतं.

नवव्या मुद्द्यातली चूक माझ्या लक्षात यायला मला एक वर्ष लागलं. मी पावणेसातला घर सोडतो, वॉनला जायला तास लागतो. मेधा आठला युनिव्हर्सिटीत जाते, साडेपाचला येते. ईशा चारला येते आणि तिच्या खोलीत जाते. म्हणजे आठ ते चार त्या घरात आई आणि घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा आवाज. आणि कराडला दिवसभर माणसांची ये-जा, ती मी तुम्हाला आत्ताच सांगितली. मी काय केलं होतं? मी कराडची रात्र घेतली होती आणि ग्वेल्फचा रविवार. समोरासमोर ठेवले आणि त्याला तुलना म्हटलं. सहावीतल्या पोरीलाही दिसली असती अशी चूक. बाईंना दिसली नसेल?

गेल्या महिन्यात, हॉस्पिटलमध्ये, मी विचारलं. दुपारची वेळ होती, मेधा कॉफी आणायला खाली गेली होती. मी म्हटलं, "आई, तो नववा मुद्दा चुकीचा होता ना?"

म्हणाल्या, "हो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांना बोलताना दम लागत होता. थांबून थांबून म्हणाल्या, "तो कागद तुम्ही माझ्यासाठी नव्हता लिहिला. तुम्ही घाबरला होता. तुमच्या आईच्या वेळचं तुमच्या मनातून गेलेलं नाही. मी कराडला गेले असते तर रोज सकाळी उठून तुम्ही आधी फोन बघितला असता. मेधाने नाही, तुम्ही. म्हटलं, राहू."

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. २०१२ साली माझी आई नागपूरला वारली तेव्हा मी फ्रँकफर्टच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत बसलो होतो. मी ते कधी घरात बोललो नाही. आईंशी तर नाहीच. त्यांनी ते कुठे वाचलं मला माहीत नाही.

मी विचारलं, वाईट वाटायचं का इथे? म्हणाल्या, "वाटायचं तर. दुपारी तीनच्या सुमाराला जास्त. तिकडे ती चहाची वेळ. पण त्याचा राग तुमच्यावर नव्हता. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

मग मला काहीतरी भरपाई करावीशी वाटली. माणूस मूर्खच असतो. मी म्हटलं, आई, काही झालं तर मी तुम्हाला कराडला नेईन, संगमावर. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मला कराडला राहायला जायचं होतं. पोचवायला नको. इथेच सोडा. इथेही दोन नद्या मिळतात, घरापासून जवळ आहे, गाडी लावायला जागा आहे."

तेव्हा तसंच होणार आहे. पण आत्ता नदीवर बर्फ आहे. आम्हाला एप्रिलपर्यंत थांबावं लागेल. तोपर्यंत आई घरीच आहेत, खालच्या बेडरूममध्ये, खिडकीजवळ.

एक विनंती आहे. गेले बारा दिवस फोनवर सगळे प्रेमाने म्हणतात, बरं झालं बाई इकडे होत्या, शेवटी मुलीजवळ गेल्या. तुमच्या मनात चांगलंच आहे. पण माझ्यासमोर ते म्हणू नका. त्यांना जायचं होतं आणि मी त्यांना जाऊ दिलं नाही, आणि हे त्यांनी मला समजू दिलं नाही. मेधाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणून मीच सगळ्यांसमोर सांगतोय.

अस्थी घरात असेपर्यंत दिवसा घर रिकामं ठेवायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. मी ऑफिसात विचारलं, की एप्रिलपर्यंत घरून काम केलं तर चालेल का. मॅनेजरने दोन मिनिटांत हो म्हटलं. म्हणाला, आधीच विचारायचं ना, कधीही चाललं असतं.

आता आपण दोन मिनिटं शांत बसू. उठू नका, आईंना वर्गात उगाच उठबस आवडायची नाही. आई, तुम्हाला माझा नमस्कार.