वजन भरत नाही

आणि ही कोंबडी बघा, पुन्हा माझ्याच खुर्चीत! ऊठ म्हटलं तर एक डोळा उघडून असं बघते, जणू घर तिचं आणि मी भाडेकरू... तुम्हाला सांगतो, हे सगळं आमच्या बाबांनी करून ठेवलंय!

आमच्या कोंबड्या म्हणजे काय, घरामागे एक शेड, आणि कापायच्या दिवशी अख्खं घर कामाला! सुरी बाबांकडे, कढत पाण्याचं पातेलं आईकडे, पिसं उपटायला आत्या, आणि पिसं गोळा करायला मी... लहानपणी मी, कॉलेजात मी, लग्न झाल्यावरही मीच, बढती म्हणून नाही! ओल्या पिसांचा तो वास... तेव्हा नाक धरायचो, आता कुठे मिळतो हो?

बाबा कडक! "कोंबडीला नाव द्यायचं नाही. नाव दिलं की सुरी चालत नाही." आणि ही? ही आली अगदी शेवटच्या खेपेत. पिल्लू असताना बाबांच्या बुटात झोपायची. नाव नाही दिलं हं! नुसतं "ए बाई" म्हणायचे. मग हिची पाळी आली. बाबांनी काट्याला उलटी टांगली, डोळे बारीक करून आकडा वाचला, "छे! वजन भरत नाही. पुढच्या वेळी." पुढच्या वेळी काय? वजन भरत नाही! अहो, ही फुगून भोपळा झालेली! शेवटी आई ओरडली,

"अहो, तो खालचा हात काढा!"

"कुठला हात?"

"कोंबडीला लावलाय तो!"

"तो होय... उलटं टांगलं की तिला चक्कर येते."

आत्या इतकी हसली की हातातली कोंबडी धपकन पातेल्यात!

मग बाबा आजारी पडले. नुसती हाडं राहिली. दवाखान्यात नर्सने काट्यावर उभं केलं, "आजोबा, वजन फारच उतरलंय हो!" मला रडूच कोसळलं... आणि हे डोळा मिचकावून म्हणतात, "रडतोस काय वेड्या? वजन भरत नाही, म्हणजे आपली पाळी नाही अजून!"

पाळी आली हो. मी खालून हात लावून बघितला, खूप लावला... तो काटा काही ऐकेना.

आता शेड मोडली, राहिली ही एकटी. अंडं देत नाही, पहाटेपासून कलकल, दाणे मात्र आयते! आई रोज माझ्यामागे, "काप रे तिला, किती दिवस पोसायची?" काल म्हटलं, ठेव पाणी! आईने पातेलं चढवलं, मी काटा काढला, हिला टांगली... आता उलटं टांगलं की तिला चक्कर येते, म्हणून जरासा हात धरला, इतकंच! आईने त्या हाताकडे बघितलं. बघतच राहिली. मग गेली आणि पातेल्याखालचा जाळ बंद केला.

काय करणार सांगा... बसतो मी स्टुलावर! वजनच भरत नाही!